ओलं फडकं

खाणीतलं पाणी आटलं त्या महिन्यात मिस्त्रींच्या घरात दोनच आवाज उरले. एक थोरलीच्या हातोडीचा आणि एक मिस्त्रींच्या खोकल्याचा. हातोडी थांबली की खोकला ऐकू यायचा. आणि खोकला मध्येच थांबला, तर आई चुलीपाशी हातातलं काम सोडून कान द्यायची, की थांबला तो बरा होऊन थांबला की आणखी काही.

वारा कोरडा होता. खाणीत पाणी नाही म्हणजे धूळ बसत नाही, म्हणून मुकादमाने सगळ्यांना घरी धाडलं होतं. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या छातीत दगडाची धूळ केव्हाच बसली होती. ते दोन वर्षं घरातच होते. घर चालत होतं ते थोरलीच्या हातावर. अंगणात पडून राहिलेल्या दगडांतून ती पायऱ्या आणि उंबरठे काढत होती. चाळिशी गाठलेली बाई. हात मात्र बापाचे. पाण्याला गेल्यावर बायका त्या हातांकडे बघायच्या आणि मग पटकन घागरीकडे बघायच्या.

छिन्न्याही बापाच्याच होत्या. मिस्त्री डावखुरे. डाव्या हातात हातोडी, उजव्या हातात छिन्नी, असं त्यांनी आयुष्य काढलेलं. घासून, पाजळून प्रत्येक छिन्नीचं तोंड एका अंगाला कलतं झालं होतं. थोरलीचं सगळं उलट, म्हणजे चारचौघांसारखं. त्या कलत्या तोंडाला जमवून घ्यायचं तर छिन्नी धरलेलं मनगट थोडं वळवून धरावं लागायचं. पायऱ्यांच्या जाडजूड कामाला ते चालून जायचं. संध्याकाळी मनगट ठणकायचं, ती कोमट पाण्यात बुडवून बसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, थंड पडलंय."

घराच्या कोपऱ्यात एक पेटी होती. धाकटा दहावीला असताना मिस्त्रींनी त्याच्यासाठी नव्या छिन्न्यांचा एक संच करून घेतला होता, सरळ तोंडाचा, उजव्या हातोडीच्या माणसासाठी. धाकट्याने त्या एकदा हातात घेतल्या, दोन अक्षरं कोरली, "बाबा, माझ्याच्यानं नाही व्हायचं हे," म्हणाला, आणि पुढच्या वर्षी सैन्यात गेला. छिन्न्या तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत राहिल्या. पेटीला कुलूप नव्हतं. थोरली तिच्यावरची धूळ रोज पुसत असे. घे म्हणून तिला कोणी म्हटलं नव्हतं, आणि घेऊ का म्हणून तिने विचारलं नव्हतं.

धाकट्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. सैन्यात तो गाडी चालवायचा. डोंगरातला रस्ता पावसाने खचला आणि शिध्याच्या पोत्यांसकट गाडी दरीत गेली. घरी आली ती बंद शवपेटी आणि घडी घातलेला झेंडा.

त्या दिवशी दुपारी गिरणीवाले आले. गिरणीवाल्यांच्या भुवयांवर बारा महिने पीठ असायचं, त्यामुळे ते रागावले तरी म्हाताऱ्या मेंढरासारखे दिसायचे. गावच्या समितीचे ते प्रमुख होते.

"मिस्त्री आहेत का?"

"जाणार कुठे," आतून मिस्त्री म्हणाले. "दगड आणि मी, जिथे ठेवलं तिथे."

गिरणीवाले बाजेच्या कडेला टेकले. आईने चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं, पाण्याचं झालं, वाऱ्याचं झालं. मग ते म्हणाले, "आठवणीचा दिवस जवळ आला. समितीत विषय निघाला. तुमच्या धाकट्याचं नाव दगडावर घ्यायचं ठरलंय."

आईच्या हातातली पळी भांड्याला लागून वाजली.

दगड म्हणजे तिठ्यावरचा. प्रार्थनाघराच्या भिंतीला टेकून उभा असलेला, पुरुषभर उंचीचा काळा दगड. गावातून लढाईवर गेलेले आणि परत न आलेले सगळे त्याच्यावर होते. वरची तीन नावं मिस्त्रींच्या बापाने कोरलेली, बाकी सगळी मिस्त्रींनी. खाली एका नावापुरती गुळगुळीत जागा राहिली होती.

"तुम्ही इतक्या जणांची कोरलीत," गिरणीवाले म्हणाले. "आणि तुमच्याच पोराचं नाही, हे बरं दिसत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे. थोरली कोरेल. काय गं?"

थोरली उंबऱ्यात उभी होती. तिने बापाकडे पाहिलं.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "तो लढाईत नाही गेला," ते म्हणाले.

"अहो, गणवेशातच गेला ना? नियम काय आपणच केलेले."

"तुम्ही नाही केला. मी केला."

"बरं, तुम्ही. मग तुम्हीच मोडा."

"शिंपिणीचं काय?"

गिरणीवाल्यांच्या भुवया वर गेल्या. "शिंपिणीचं काय? तिनं कधी मागितलंय?"

"एकदा मागितलं होतं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत चहा गार झाला, आणि गिरणीवाले "विचार करा, घाई नाही," म्हणत उठले. घाई होती. दिवस पुढच्याच आठवड्यात होता.

शिंपीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नवरा सैन्यात होता. तो सीमेवरच्या छावणीत तापाने गेला. धाकटा तेव्हा पाळण्यात होता. सुतक फिटल्यावर काही महिन्यांनी ती मुलाचं बोट धरून मिस्त्रींकडे आली. मिस्त्री तिठ्यावर काम करत होते, चार माणसं बघत उभी होती. तिने विचारलं, "ह्यांचं नाव कधी घेताय?" मिस्त्री तेव्हा तरुण होते, हातात कसब होतं आणि गावात शब्दाला वजन होतं. ते मान वर न करता म्हणाले, "हा दगड लढाईत गेलेल्यांचा आहे, बाई. तापानं गेलेल्याला घरची भिंत आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. कोणीतरी हसलंही. शिंपीण मुलाला घेऊन परत गेली. आणि त्या दिवसापासून तोच नियम झाला. कोणी लिहिला नाही, कोणी ठरवला नाही. मिस्त्री म्हणाले होते, एवढंच.

"तेव्हा तुम्ही तिथे होतात?" थोरलीने आईला विचारलं. दोघी भांडी घासत होत्या. पाणी कमी म्हणून आधी राखेने कोरडी घासायची आणि मग एकाच पातेल्यात बुडवून काढायची.

"होते. डबा घेऊन गेले होते."

"मग काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? नवरा चारचौघांत बोललेला. घरी आल्यावर म्हटलं, जरा जास्तच बोललात. तर म्हणाले, खरं तेच बोललो." आईने पातेलं पालथं घातलं. "आणि आपला गेला तेव्हा तीच आली सगळ्यांच्या आधी. दिवसभर माझ्याजवळ बसून होती. एक शब्द नाही बोलली."

"काकू बोलतातच कमी."

"तसं नाही गं. मी वाट बघत होते. म्हटलं, आता म्हणेल, आता म्हणेल, की घरची भिंत आहेच. नाही म्हणाली." आईने पदराने हात पुसले. "पण थोरले, माझं वय आता काय. दर वर्षी त्या दिवशी सगळ्या आपापलं फडकं घेऊन जातात. मी नुसती उभी असते मागे. मला एकदा त्याचं नाव पुसायचंय. त्यांचं काय ते त्यांनी देवाजवळ मिटवावं."

फडक्याची रीत ह्या घराचीच. मिस्त्रींच्या बापाने पाडलेली. दगडावर नाव कोरायचं तर आधी दगडाला कपाळ टेकून प्रार्थना करायची, आणि मग कोरताना गेलेल्याच्या घरचं माणूस ओलं फडकं घेऊन शेजारी बसायला हवं. घाव घातला की अक्षरात भुकटी साचते. ती फुंकायची नाही, झटकायची नाही. घरच्या माणसाने ओल्या फडक्याने पुसायची. बाहेरच्याने पुसलेलं अक्षर टिकत नाही, असं म्हातारा म्हणायचा. कोणाची आई बसली, कोणाची बायको, एकाचा तर सात वर्षांचा मुलगा. पुढे आठवणीच्या दिवशीही तसंच होऊ लागलं. प्रार्थनाघरातले आजोबा एकेक नाव वाचायचे, आणि त्या घरचं माणूस पुढे होऊन ओल्या फडक्याने आपलं नाव पुसून यायचं. जे पुसायला कोणी उरलं नव्हतं ती नावं मिस्त्री पुसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री थोरलीला म्हणाले, "वहाणा दे. शिंपिणीकडे जायचंय."

"मी सांगून येते ना."

"बोललो मी, आणि जाणार तू?"

दोन गल्ल्या, पण मिस्त्रींना तीनदा थांबावं लागलं. एकदा न्हाव्याच्या पायरीवर, एकदा खांबाला धरून, एकदा नुसतंच रस्त्यात. न्हावी म्हणाला, "मिस्त्री, पायरी तुमचीच आहे, बसा हक्कानं." मिस्त्रींनी हाताने पायरीची कड चाचपली. "हिचं काम आहे," ते म्हणाले आणि थोरलीकडे बोट केलं. बापाने आपलं काम हाताने ओळखलं ह्याचं थोरलीला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "कड एका बाजूला उतरलीय." तेही खरं होतं.

शिंपीण खिडकीपाशी मशीनवर बसली होती. मिस्त्रींना बघून तिचा पाय थांबला, चाक थोडं फिरून थांबलं. तिने खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी आणलं. समोरच्या भिंतीवर गणवेशातल्या माणसाचा फोटो होता. खाली दुसरं काहीच टांगलेलं नव्हतं. सगळी भिंत त्या एकट्याची होती.

मिस्त्री पाणी प्यायले. मग म्हणाले, "दगडावर एका नावाची जागा आहे. समिती म्हणते, माझ्या पोराचं घ्या. मी म्हणतो, आधी तुमच्या माणसाचं. तो आधी गेला."

शिंपीण हातातल्या दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तेव्हा मी जे बोललो," मिस्त्री म्हणाले, "ते बोलायला नको होतं."

"पाणी आणखी देऊ?"

"नको."

"मिस्त्री," शिंपीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कपड्याचं माप सांगावं तसा. "मी आले होते तेव्हा मुलगा शाळेत जायला लागला होता. पोरं विचारायची त्याला, तुझा बाप दगडावर का नाही, पळून गेला का? रडत यायचा. मला त्याला तिठ्यावर नेऊन बोट लावून दाखवायचं होतं, हे बघ म्हणून. बाकी मला काय करायचं होतं दगडाचं? आता तो परदेशात असतो. त्याच्या मुलांना आपली भाषाही येत नाही. आता मी कोणाला नेऊ?"

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना," ती म्हणाली आणि थोडं हसली. "राग नाही माझा. तुमच्या मुलाचं कोरा. गुणी होता. माझ्या मशीनचा पट्टा बसवून द्यायचा सुट्टीवर आला की. माझी काही हरकत नाही."

परत येताना मिस्त्री पाच वेळा थांबले.  जाताना तीन ठिकाणी थांबले होते, येताना थोरलीला नवीन जागा शोधाव्या लागल्या.

घरी आई दारातच उभी होती. "काय म्हणाली?"

"नको म्हणाल्या. धाकट्याचं कोरा म्हणाल्या, त्यांची हरकत नाही," थोरली म्हणाली.

"मग झालं तर."

"झालं नाही," मिस्त्री बाजेवर आडवे होत म्हणाले. "ती जागेला नको म्हणाली नाही. मला नको म्हणाली."

"अहो, ती स्वतःच्या तोंडानं सांगतेय..."

"तिच्या माणसाचं नाव राहिलेलं असताना माझ्या पोराचं त्या जागेवर घालायचं, म्हणजे तेच वाक्य पुन्हा बोलायचं. ह्या वेळी छिन्नीनं."

"दोन्ही बसवू," थोरली म्हणाली. "अक्षर लहान घेऊ."

"नाही बसत. खालच्या अंगाला शीर आहे दगडाची, वाकडा घाव बसला की तिथून फुटतो. एकाच नावाला जागा आहे. दोन कोंबली तर दोघांचा जीव गुदमरेल."

त्यानंतर आईने बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट समोर ठेवायची, औषध हातात द्यायची, आणि वळायची. मिस्त्री म्हणायचे, "मीठ कमी आहे," तर ती मीठ आणून ठेवायची. थोरली दोघांच्या मध्ये छिन्नी चालवत राहायची. आठवणीचा दिवस जवळ येत चालला. एका संध्याकाळी तिने पाहिलं, आई धाकट्याचा जुना सदरा फाडत होती. पाठीचा मोठा तुकडा तिने वेगळा काढला, कडा दुमडल्या, आणि उशीखाली ठेवला.

आदल्या दिवशी पहाटे थोरली उठली. मिस्त्रींना नुकतीच झोप लागली होती. सकाळच्या गारव्याला त्यांचा श्वास जरा मोकळा व्हायचा. तिने पिशवीत हातोडी टाकली, खडू, दोरा, पाण्याची बाटली, एक फडकं आणि बापाच्या दोन बारीक छिन्न्या. कोपऱ्यातल्या पेटीजवळ ती थांबली. झाकणाला हात लावला. मग हात मागे घेतला.

तिठ्यावर कोणी नव्हतं. दगड गार होता. तिने कपाळ टेकलं. प्रार्थना तिला पाठ होती, बाप म्हणायचा ती: 'ज्याला आम्ही पाठवलं, त्याला तू जवळ घे. आणि माझा हात स्थिर ठेव.' पहिलं वाक्य म्हटलं. दुसऱ्याला तिला बापाची आठवण झाली. आपण त्यांना न विचारता आलो आहोत, हे मनात आलं, आणि प्रार्थना तिथेच राहिली.

तिने दोरा धरून खडूची रेघ मारली, अक्षरं आखली. फडकं ओलं करून मांडीवर ठेवलं. घरचंच माणूस पुसणारं हवं ना, मग मी घरचीच आहे, असं ती मनाशी म्हणाली. पहिला घाव चांगला बसला. दुसराही. तिने भुकटी पुसली. खाली धाकट्याच्या नावाचा पहिला उभा दांडा दिसायला लागला होता, नखाएवढा.  तिने छिन्नी पुन्हा टेकवली, मनगट वळवलं, नेहमी वळवायची तसं. पायऱ्यांना वळवायची तसं.

छिन्नीचं कलतं तोंड अक्षराच्या कडेखाली गेलं. हातोडी पडली. आवाज टणक आला नाही, बद्द आला. आणि तळहाताएवढी कपची दगडापासून सुटली, तिच्या मांडीवरच्या ओल्या फडक्यात येऊन पडली.

शीर तिथून जात होती.

थोरली बघत राहिली. गुळगुळीत जागा गेली होती. तिथे एक खोलगट, खरबरीत खड्डा होता. आता तिथे एकही नाव बसणार नव्हतं, ना ह्याचं, ना त्याचं. तिने कपची उचलून परत जागेवर लावून पाहिली, लहान मुलं फुटलेलं भांडं लावून पाहतात तशी. ती बरोबर बसली. हात काढला की पडायची.

घरी आली तेव्हा मिस्त्री बाजेवर उठून बसले होते. तिच्या कपाळावर दगडाची धूळ होती. त्यांनी ती पाहिली. तिने कपची फडक्यासकट त्यांच्या समोर ठेवली.

आई चुलीपासून उठून आली. कपचीवर खडूची एक अर्धी रेघ अजून होती. आईने ती पाहिली, तोंडाला पदर लावला आणि पुन्हा आत गेली.  थोरलीला वाटलं, काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी कपची हातात घेतली. अंगठा फिरवला. रागाची वाट बघत थोरली उभी होती.

"कुठल्या छिन्नीनं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बारीक छिन्नीनं."

"ती कलती आहे."

"माहीत आहे."

"पेटीतली घ्यायची."

थोरलीने हातोडी पिशवीतून काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही कधी म्हणालात का, घे म्हणून?"

बाहेर गाडी गेली. धूळ दारातून आत आली आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली. मिस्त्री त्या धुळीकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, तो येईल परत. नोकरी संपवून येईल, तेव्हा घेईल. मग गेला. मग वाटलं, असू दे." त्यांना खोकला आला, त्यांनी तो दाबला. "वीस वर्षं तू वाकड्या छिन्नीनं सरळ काम केलंस. न्हाव्याच्या पायरीची कड उतरली म्हणालो मी परवा."

"उतरलीच आहे."

"पेटी उघड."

तिने उघडली. कापड तेलाने पिवळं झालं होतं. आत छिन्न्या होत्या, सहा, बारीकपासून जाडपर्यंत, एकीलाही ओरखडा नाही. तिने एक हातात घेतली. मनगट न वळवता ती सरळ बसली. इतकी सरळ, की तिला क्षणभर हात दुसऱ्या कोणाचा वाटला.

"घे आता," मिस्त्री म्हणाले.

"आता काय कोरू?"

मिस्त्रींनी कपची पुन्हा फडक्यात गुंडाळली.

आठवणीच्या दिवशी सकाळी गिरणीवाल्यांनी खड्डा पाहिला आणि त्यांच्या भुवयांवरचं पीठ थरथरलं. "अगं काय केलंस हे, थोरले? सगळं गाव जमणार आता. सिमेंट तरी भरलं असतं. कोणाला तरी बोलवा, अजून वेळ आहे."

"सिमेंट नको," मिस्त्री म्हणाले. त्यांना न्हाव्याने आणि थोरलीने खुर्चीत बसवून आणलं होतं. पायाशी पाण्याची बादली होती. "आहे तसं राहू दे. मी आहे तोवर कोणी हात लावायचा नाही."

"लोक विचारतील."

"मला विचारू दे."

लोक जमले. बायका फडकी घेऊन उजवीकडे, पुरुष टोप्या हातात घेऊन डावीकडे. वारा पडला होता, ऊन कोवळं होतं. प्रार्थनाघरातले आजोबा पुढे आले. त्यांना आता नीट दिसत नसे, पण नावं त्यांना वाचावी लागत नव्हती. एक नाव घेतलं. एक म्हातारी पुढे झाली, बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, नावावरून फिरवलं, मागे आली. दुसरं नाव. मग तिसरं. ज्यांचं कोणी उरलं नव्हतं ती नावं आली तेव्हा मिस्त्री खुर्चीतून उठू लागले. थोरलीने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि ती पुसून आली. ओली अक्षरं काळीभोर दिसत होती.

शेवटचं नाव झालं. आजोबांनी हात जोडले. "ज्यांना आम्ही पाठवलं," ते म्हणाले, "आणि जे आले नाहीत, त्यांना तू जवळ घे. त्यांच्या आयांना बळ दे. आमच्या बोलण्यात, आमच्या विसरण्यात जे दुखावले असतील, त्यांची क्षमा आम्हाला मिळो, मिळायची असेल तर."

सगळे मान खाली घालून उभे राहिले. नेहमी इथे संपायचं.

आई पुढे आली. तिच्या हातात सदऱ्याचा तुकडा होता. तिने बादलीत बुडवला, पिळला, आणि त्या खड्ड्यावर ठेवला. अक्षर नव्हतं, त्यामुळे कुठून कुठे पुसायचं हे तिला कळेना. तिने नुसताच हात फिरवला, आंधळं माणूस चेहऱ्यावरून फिरवतं तसा. कडा खरखरीत होत्या, कापड अडकत होतं. एक धागा तिथेच राहिला. ती मागे येऊन थोरलीजवळ उभी राहिली आणि तिने थोरलीचं ठणकणारं मनगट धरलं.

गर्दी हलायला लागली होती. तेवढ्यात मागून शिंपीण आली. ती दर वर्षी यायची, शेवटच्या रांगेत उभी राहायची आणि प्रार्थना संपली की निघून जायची. आज तिच्या हातात काहीतरी होतं. तिने घडी उलगडली. पांढरं फडकं होतं, चारी कडांना बारीक टीप घातलेलं, कोपरे मोडून नीट शिवलेले, नवंकोरं. फक्त घड्यांच्या रेघा पिवळ्या पडल्या होत्या. ह्या आठवड्यात शिवलेलं ते नव्हतं. बोटाशी मुलगा घेऊन ती मिस्त्रींकडे आली होती, तेव्हाचं ते होतं.

मिस्त्रींनी त्या पिवळ्या रेघा पाहिल्या. हात पुढे केला. शिंपीण क्षणभर थांबली आणि तिने फडकं त्यांच्या हातात दिलं. मिस्त्री वाकले, फडकं बादलीत बुडवलं, डाव्या हाताने पिळलं. पिळायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. 

शिंपिणीने खड्डा पुसला. आईपेक्षा सावकाश. कडेने, मग मधून, मग पुन्हा कडेने, जसं काही तिथे लिहिलेलं होतं आणि तिला ते वाचता येत होतं. फडकं घडी करून पदरात बांधलं आणि आईजवळून जाताना म्हणाली, "तुमचा धागा राहिलाय तिथे. मी काढला नाही."

लोक गेले. गिरणीवाले गेले. न्हावी खुर्ची उचलायला आला तेव्हा मिस्त्रींनी हाताने थांब म्हटलं. न्हावी आपल्या पायरीवर जाऊन बसला. ऊन दगडावर आलं होतं. वरची नावं वाळत चालली, एकेक अक्षर काळ्याचं करडं होत खाली आलं. खड्ड्यात पाणी साचून राहिलं होतं.

मिस्त्रींना लांबचं दिसत नव्हतं. "वाळलं का?" त्यांनी विचारलं.

"वरचं वाळलं," थोरली म्हणाली.

"आणि ते?"

"ते नाही, बाबा. अजून ओलं आहे."

"मग बसू थोडं," मिस्त्री म्हणाले.